गुळाची गाठ

भिवराबाईनं मेथीची टोपली ओट्यावर टेकवली, पदरानं डाव्या बाजूचं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "घ्या, लई कवळी हाय."

"कवळी म्हणून निस्ती देठंच बांधलीस व्हय?" शांतादेवी म्हणाल्या. भाव पाडून त्यांनी दोन जुड्या घेतल्या आणि सूप घेऊन निवडायला बसल्या.

परळीत वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या गल्लीत त्यांचं घर. खाली विभूती-रुद्राक्षाचं दुकान, मागं स्वयंपाकघर, वर एक खोली. नवरा गेल्यावर दुकान त्यांनीच वाढवलं. शाळा तिसरीपर्यंत झाली होती, पण किल्ल्यांचा जुडगा कमरेला होता. तो कमरेला असेतोवर घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

पाला सुपात जमला. खिडकीत बसलेली थर्मल वीजकेंद्राची राख त्यांनी ओल्या फडक्यानं पुसली. तेवढ्यात वरच्या खोलीतली यंत्रांची घरघर थांबली. लगेच पुन्हा सुरू झाली.

"घ्या, लई कवळी हाय."

ओट्यावर टोपली होती. भिवराबाई पदरानं डाव्या बाजूचं कपाळ पुसत होती.

"आत्ताच तर घेतली की, बये."

"आत्ता कवा? मी आत्ता येतेय बाजारातनं."

शांतादेवी आत गेल्या. सूप भिंतीला टेकवलेलं, कोरडं. खिडकीत राखेचा थर, बोट न लागलेला. बोटांना मात्र मेथीचा वास येत होता.

त्यांचा संशय सरळ वर गेला. वरच्या खोलीत पूर्वी विभूतीची पोती असायची. लग्न होऊन शिवांजली आली, पोती खाली गेली आणि यंत्रं वर चढली. सून पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायची. सुनेची नजर किल्ल्यांवर आहे, हे शांतादेवींनी लग्नाच्या मांडवातच ओळखलं होतं.

दुपारी सून पाणी प्यायला खाली आली, तेव्हा त्यांनी तिला गाठलं. "काय दळत असतीस गं वर दिवसभर?"

"चाचण्या चालतात, आई. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवायचा. खोटा. आपण खोटे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. मधेच त्याला थांबवायचं, आहे तसा जपून ठेवायचा आणि तिथूनच पुन्हा सुरू करायचा. त्याचा जोडीदार न थांबता चालत राहतो. शेवटी दोघं हुबेहूब जुळले पाहिजेत."

"चालत्याला थांबवायचं कावून?"

"काम मोठं असतं. वीज गेली तर पहिल्यापासून करायला नको."

"आन् न्हाई जुळलं?"

"तर जपताना काहीतरी राहून गेलं. बारीकसं असतं, पण शोधावं लागतं."

"थांबवलं हे त्याला कळतं?"

शिवांजलीनं पेला पालथा घातला. "कळता कामा नये. कळलं तर तीच चूक."

त्यानंतर शांतादेवी कान वर लावूनच वावरू लागल्या. घरघर थांबली की काहीतरी व्हायचं. उतू गेलेलं दूध पुन्हा पातेल्यात असायचं. झाडलेला ओटा पुन्हा राखेनं पांढरा. दुकानात जंगमस्वामी एकदा येऊन गेले, पुन्हा आले, चौकटीला तोच खांदा घासला, तोच खोकला खोकले. शांतादेवी त्यांना म्हणाल्या, "स्वामी, मघाशी आलता तेव्हा दक्षिणा दिली की." स्वामी गिऱ्हाइकांदेखत ओशाळले.

केदारनाथनं आईला आत नेलं. "आई, तू हल्ली विसरतेस."

"मी विसरत न्हाई. तुमीच विसरायलाव समदे."

"अंबाजोगाईला डॉक्टरला दाखवू. तोवर किल्ल्या शिवांजलीकडं राहू दे."

"घाल की तिच्या कमरेला. मला घाल खाटेवर, म्हणजे कटकटच मिटली."

केदारनं हात पुढं केला होता, किल्ल्यांसाठी. शांतादेवींची नजर त्या हातावर अडकली. लहानपणी माजलगावकडं, मामाच्या गुऱ्हाळावर, त्याच्या उजव्या मनगटावर उकळती काकवी सांडली होती. कातडं सोलून निघालं होतं. त्याला छातीशी धरून त्या दवाखान्यापर्यंत पळाल्या होत्या. पिंपळाच्या पानासारखा डाग कायमचा राहिला होता.

मनगट कोरं होतं.

"तुझा डाग कुठंय, केदार?"

"कसला डाग?"

"काकवीचा. मामाच्या गुऱ्हाळावरचा."

केदार हसला नाही, हेच वाईट झालं. त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा. "सोमवारी जाऊ, आई."

विसरायचं नाही ते पदराला बांधायचं, ही शांतादेवींची जुनी रीत. लग्नाला जायचं असलं की अक्षता, दळण आणायचं असलं की गव्हाचे दाणे. लिहिणं धड जमत नव्हतं, पण पदर कधी चुकला नव्हता. त्यांनी डब्यातला गुळाचा खडा घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि गाठ दातांनी आवळली. काकवीचा डाग. लेकाच्या अंगावरचं नेलं हिनं. आज मेथी गेली, उद्या लेकच जाईल.

त्या जिना चढल्या.

खोलीत गारवा होता. पडद्यावर हिरव्या ओळी सरकत होत्या. मधे एक लाल.

"तुझ्या नवऱ्याच्या मनगटावर डाग होता का न्हाई?"

शिवांजलीनं मान वर केली. "नव्हता, आई."

"खोटं बोलू नको. बायको हायेस तू त्याची."

"मला आठवत नाही तसं काही."

"नव्हता का आठवत न्हाई? एक सांग."

सून पुन्हा हिरव्या ओळी वाचू लागली. शांतादेवींनी पडद्याकडं बोट केलं. "ते लाल कावून?"

"सगळं जुळतं, तेवढं एक जुळत नाही. पुसलं जायला हवं ते कुठंतरी टिकून राहतंय. मागचं आठवतंय त्याला."

"मग?"

"मग शोधायचं. दुरुस्त करायचं." तिनं सासूच्या हाताकडं पाहिलं. आवाज अगदी मायेचा होता. "आई, तुमच्या बोटांना मेथीचा वास येतोय."

आज घरात मेथी आली नव्हती.

शांतादेवींनी हात पदराखाली घेतला. गुळाचा खडा मुठीत घट्ट धरला.

"सापडलं का तुला?" त्यांनी विचारलं.

"सापडलं," शिवांजली म्हणाली.

जिन्याकडं वळायला त्यांनी पाय उचलला.

घरघर थांबली.

भिवराबाईनं टोपली ओट्यावर टेकवली, पदरानं डाव्या बाजूचं कपाळ पुसलं. "घ्या, लई कवळी हाय."

"कवळी म्हणून निस्ती देठंच बांधलीस व्हय?" शांतादेवी म्हणाल्या. भाव पाडून त्यांनी दोन जुड्या घेतल्या आणि सूप घेऊन निवडायला बसल्या. पाला सुपात जमला. खिडकीतली राख पुसून झाली. वरची यंत्रं एकसुरी घरघरत होती, कानाला सवय झालेली. कमरेला किल्ल्या होत्या. मन निवांत होतं.

केदार दुकानातून आत आला. "आई, चहा टाकतेस का?"

"टाकते की. बायकोला इचार, घेती का ती."

आधण ठेवून हात पुसायला त्यांनी पदर घेतला, तर टोकाला गाठ लागली. दातांनी आवळलेली, त्या मारायच्या तशी. कशाची, ते काही ध्यानात येईना. लग्न नव्हतं, दळण नव्हतं. नखांनी उकलली तर आत गुळाचा खडा.

वाया कशाला घालवायचा, म्हणून त्यांनी तो चहातच टाकला.

केदारनं कप घ्यायला उजवा हात पुढं केला. शांतादेवींनी लेकाच्या मनगटाकडं सहज पाहिलं. ते गोरं, कोरं होतं, जन्मापासून होतं तसं.