ध्वनी-तीनचं कुलूप

तुम्ही परवा विचारलंत ना, सर्व्हर बदलायच्या रात्री मी कुणाला एकट्याला का बसू देत नाही म्हणून? आज हाताशी वेळ आहे, अंधारही पडलाय, तर सांगून टाकतो. माझ्या बाबतीत घडलेलं नाही हे. अकरा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या बाबतीत घडलं. त्यानं मला ते एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्याला आम्ही किल्लेदार म्हणायचो. आमची संस्था बोलती पुस्तकं करायची. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. दुसऱ्या मजल्यावर वाचनाच्या तीन खोल्या आणि तळमजल्यावर सर्व्हरची खोली. तिथला कारभार किल्लेदाराचा. एकाच फाइलवर दोघांनी एकदम लिहिलं, तर दोघांच्याही कामाचं वाटोळं होतं. म्हणून जो आधी उघडतो, त्याच्या मशिनच्या नावानं सर्व्हर त्या फाइलला कुलूप घालतो. त्यानं फाइल बंद केली की कुलूप सुटतं. ही सगळी कुलपं याच्या ताब्यात, म्हणून किल्लेदार. बाकी स्वतःच्या घराची किल्ली महिन्यातून दोनदा हरवायचा, ती गोष्ट वेगळी.

तिसऱ्या खोलीत त्याची बायको वाचायची. सगळी संस्था तिला वहिनी म्हणायची. आवाज असा, की लोक फोन करून विचारायचे, हे पुस्तक वहिनींनी वाचलंय का? नसेल तर राहू द्या.

ऑगस्टमधली गोष्ट. दुपारी साडेतीनला तिनं वरून खाली फोन केला.

"अहो, छातीत कसंतरीच होतंय. घरी जाऊ या का?"

तो त्या वेळी नवा सर्व्हर जोडत होता. जुन्याच्या जोडीला. एक पडला तर दुसऱ्यानं लगेच काम उचलायचं, अशी व्यवस्था. दोन्ही हातांत वायरी, फोन खांद्यात धरलेला.

"अर्धा तास दे गं. एवढी जोडणी झाली की आलोच."

"बरं. तोवर वाचते मी."

अर्ध्या तासाचा एक तास झाला. एकाचा दीड झाला. वहिनीनं पुन्हा फोन केला नाही. तो वर गेला तेव्हा पाच वाजून गेले होते. ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. हाताखाली पुस्तकाचं पान. तिला उचलायला वाट हवी म्हणून यानं टेबल ओढलं, तशी मशिनची वायर सॉकेटमधून निघाली. मशिन बंद पडलं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतंत, तर..." आणि त्याच्या तोंडाकडे बघून थांबले.

ते अर्धवट वाक्य त्याच्या उरावर बसलं ते बसलंच.

तिचं मशिन पुन्हा सुरू झालं नाही. यानं स्वतःच्या हातानं ते खोललं, चांगले भाग इतरांना दिले, भिंतीतून येणारी वायर कापून तोंडाला टेप गुंडाळली. पण सर्व्हरला काय माहीत? मशिननं 'मी निघाले' असं कधी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे तिच्या शेवटच्या फाइलवर कुलूप तसंच राहिलं. उघडायला गेलं की एकच ओळ यायची: 'फाइल वापरात आहे. वापरणारा: ध्वनी-तीन.'

रोज सकाळी आल्यावर तो ती ओळ बघायचा. बँकेतून तिचं नाव गेलं, फोनच्या यादीतून गेलं, दारावरची पाटी मुलीनं उतरवली. इथं मात्र ती अजून वाचत बसली होती.

पुस्तक शेवटच्या प्रकरणावर अडलेलं. ऐकणाऱ्यांचे फोन यायला लागले. संस्था चालवणाऱ्या मॅडमनी त्याला तीनदा सांगितलं, तेवढं कुलूप काढा, दुसऱ्या बाई पुढचं वाचतील. तिन्ही वेळा तो म्हणाला, "आज काढतो." एका कमांडचं काम. बोटंच चालेनात.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "किल्लेदार, गुरुवारी रात्री जुना सर्व्हर बंद करून नवा सुरू करताय ना? मग ते कुलूप आपोआपच जाईल. तुम्हाला हात लावायला नको."

त्यानं मान हलवली. मॅडमनी आपल्या परीनं माया केली होती. त्याला मात्र वाटलं, हे दुसऱ्यांदा होतंय. या वेळीही आपण खालीच बसलेले असणार.

तर गुरुवार, सहा नोव्हेंबर. रात्री सव्वाअकराला तो आला. दिवसा लोक कामात असतात, म्हणून असली कामं रात्रीच करायची. इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. मुलीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"खोटं बोलताय. मी येऊ का तिकडे?"

"नको गं. दोन मिनिटांचं काम. झालं की घरीच येतो."

अकरा चाळीसला त्यानं जुना सर्व्हर बंद केला. पंखे हळूहळू थांबले. लगेच नव्याचे पंखे चढले. सगळं बिनबोभाट.

आता पुढचं नीट ऐका. नवा सर्व्हर उठला, की त्याला आधीची कुलपं ठाऊक नसतात. पण कुणाकुणाची कुलपं होती, त्या मशिनांची यादी मागे ठेवलेली असते. ती वाचून तो एकेकाला हाक मारतो, मी आलोय, तुझं काय होतं ते सांग. त्यासाठी नव्वद सेकंद मुदत. तेवढ्या वेळात नव्या माणसाला काही मिळत नाही. जुन्यांनीच आपलं मागून घ्यायचं. जो बोलला नाही, त्याचं गेलं.

त्या रात्री चारच मशिनं सुरू होती. किल्लेदार पडद्याकडे बघत होता.

संपादन-एक. कुलूप परत दिलं.

संपादन-दोन. परत दिलं.

छपाई. संग्रह. परत दिलं.

चौघांचं मिळून वीस सेकंदांत आटोपलं. सत्तर उरले. पडद्यावर काही हललं नाही. त्यानं घड्याळाकडे बघितलं नाही. मनात मोजत होता. पन्नास... चाळीस... खुर्चीचे दांडे त्यानं घट्ट धरले होते. तीस. आता जाईल. वीस. गेलंच.

अकरा उरले असताना ओळ उमटली.

'ध्वनी-तीन. कुलूप परत दिलं.'

तो बघत राहिला.

मुदत संपली. ओळ तशीच होती.

तो उठला. जिन्यातला दिवा लावायचं सुचलं नाही. पहिला मजला. दुसरा. बोळ काळोखा... आणि टोकाला, तिसऱ्या खोलीच्या दारावर, लाल दिवा.

आत वाचन चालू असलं की तो लागायचा, म्हणजे कुणी दार ठोठावू नये. दिव्याची वायर तिच्याच मशिनला होती. ते मशिन आता नव्हतं.

तो दारापाशी गेला.

कान लावला.

काही नाही... ते दार इतकं जाड, की बाहेर ढोल बडवला तरी आत पोचायचा नाही, आणि आतलं बाहेर यायचं नाही. त्यानं कडीवर हात ठेवला. कडी गार होती.

ओढली नाही.

मी त्याला विचारलं, का नाही ओढलीस? घाबरलास? तो म्हणाला, "भीती होतीच. पण तिची नाही रे. उघडलं आणि आत कुणीच नसलं तर?"

तो तसाच उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नाही. मग कपाळ दाराला टेकलं आणि बोलला. हळूच बोलला, घरात बोलतात तसं.

"मी आलो गं... फार उशीर केला. तेव्हाच यायला हवं होतं... राहू दे आता ते वाचायचं. दमलीस. चल, घरी जाऊ."

लाल दिवा विझला.

तो तिथंच, बोळात, फरशीवर बसला. तीन महिन्यांत रडला नव्हता माणूस. त्या रात्री काळोखात एकटा ओक्साबोक्शी रडला. खाली आला तेव्हा पडद्यावर एक ओळ वाढलेली होती: 'ध्वनी-तीन. फाइल बंद केली. कुलूप सोडलं.' वेळ अकरा अठ्ठावन्न.

त्यानं फाइलला हात लावला नाही. दिवे मालवले आणि घरी गेला. मुलगी जागीच होती. दोघं जेवायला बसली.

सकाळी मॅडमनी वरून बोलावलं. फाइल उघडली होती. त्यांचा चेहरा उतरलेला.

"किल्लेदार, रात्री तुम्ही त्या खोलीत काही रेकॉर्ड केलंत का?"

"त्या खोलीत माइकसुद्धा नाही, मॅडम. मीच काढलाय."

त्यांनी हेडफोन पुढे केला.

तिचा आवाज. ऑगस्टातला. वाचता वाचता धाप लागत होती, थांबत होती, पुन्हा वाचत होती. एका वाक्याच्या मध्येच शब्द थांबले. नंतर नुसता श्वास. मग तोही नाही... मग बराच वेळ शांतता.

आणि मग त्याचा स्वतःचा आवाज. दाराबाहेरून आल्यासारखा दबलेला नाही. अगदी जवळून, स्वच्छ, शब्द न् शब्द. 'मी आलो गं'पासून 'घरी जाऊ'पर्यंत.

त्याच्यानंतर क्षणभर काही नाही.

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज. कुणी बसलेलं माणूस उठतं, तेव्हा होतो तसा.

फाइल तिथं संपते.