न चाखलेलं माडगं

साडेअकराला पाचगणीच्या उपचारगृहाच्या स्वयंपाकघरातून ढकलगाडी निघायची, तेव्हा तिच्यावर नऊ झाकलेले वाडगे असायचे. नऊही वाडग्यांत दिसायला एकच पदार्थ, डाळीच्या पाण्यासारखा फिकट पिवळा. पण पहिल्या खोलीतल्या युक्रेनच्या ओक्सानाबाईंना त्यात बीट आणि आंबट साय लागायची. मोरोक्कोच्या इद्रिसला मसूर, टोमॅटो आणि कोथिंबीर लागायची. सोलापूरच्या येळेगावकर मास्तरांना त्यातच आमसुलाचं सार लागायचं, आणि शेवटचा घोट घेताना ते डोळे मिटून घ्यायचे.

उज्ज्वला भिलारे या स्वयंपाकघरात एकोणचाळीस वर्षं होती. ती आली तेव्हा इथे दम्याचे रोगी असत. मोठ्या पातेल्यात मुगाचं कढण शिजे आणि तळहातावर थेंब घेऊन चाखलं की त्यात काय कमी आहे ते कळे. आता इथे बेचव तापाचे रोगी येत होते. हा ताप आठवड्यात उतरायचा, पण जाताना वासाची नस सुजवून जायचा. मग भात ओल्या कागदासारखा लागायचा आणि माणूस हळूहळू जेवणंच सोडायचा. पाचगणीची हवा या नसेला मानवते असं दिसून आल्यापासून देशोदेशींची माणसं इथे येत होती.

त्यांच्यासाठी डॉ. शर्वाणी पाठारे यांनी ते यंत्र बनवलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव स्मृतिस्वाद यंत्र होतं, स्वयंपाकघरातल्या बायका त्याला सुगरण म्हणायच्या. रोग्याच्या कपाळाला एक मऊ पट्टी बांधायची आणि त्याला लहानपणीच्या आवडत्या सुपाबद्दल बोलतं करायचं. तो आठवत असताना मेंदूत ज्या खुणा उमटतात त्या पट्टी टिपायची. मग एकशेचाळीस कुप्यांतले अर्क थेंबाथेंबाने मिसळून यंत्र तोच वास तयार करायचं. चमच्याच्या टोकातून निघणारा अगदी मंद विद्युतप्रवाह बाकीची चव जिभेवर उठवायचा. सुजलेल्या नसेतून सर्वात आधी ओळखीचा वास वाट काढतो, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं, आणि ते खरं ठरलं होतं. रोगी खात होते, वजनं वाढत होती.

पट्टी बांधली असताना रोगी जे बोलत ते उज्ज्वला एका वहीत लिहून ठेवायची. कानातला दुभाषी कुठल्याही भाषेतलं मराठीत सांगायचा. तिला कोणी लिहायला सांगितलं नव्हतं. इतक्या आयांच्या रेसिप्या अशा हवेत विरून जाव्यात हे तिला बरं वाटेना, एवढंच.

त्या बुधवारी भाच्याने तिच्या अक्काला आणलं. कलावतीअक्का चौऱ्याहत्तरची, उज्ज्वलाहून दहा वर्षांनी मोठी. अकरा दिवस तिने दोन घोट पाण्यापलीकडे काही घेतलं नव्हतं. काट्यावर चौतीस किलो भरली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की रविवारपर्यंत खायला लागल्या नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल. एकदा नळी बसली की वासाच्या नसेला काम उरत नाही, आणि काम न उरलेली ही नस बहुधा पुन्हा जागी होत नाही.

गुरुवारी सकाळी पट्टी बांधायचं ठरलं. काय आठवायचं हे विचारावं लागलं नाही. अक्का उशीवरून म्हणाली, “आईचं माडगं.”

आई गेली तेव्हा उज्ज्वला दीड वर्षाची होती. आईचा चेहरा तिला एका धुरकट फोटोपुरता ठाऊक होता. आईच्या हातचं माडगं, हुलग्याच्या पिठाचं ते दाटसर कढण, गावात नावाजलेलं होतं, हे तिने शेजारणींकडून ऐकलं होतं. आई गेल्यावर अकरा वर्षांच्या अक्काने थंडीत एकदा ते करून पाहिलं होतं. वडिलांनी एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि उठून गोठ्यात गेले. त्या घरात पुन्हा माडगं शिजलं नाही. आता ती चव जगात एकाच ठिकाणी होती, अक्काच्या डोक्यात, आणि उद्या सुगरण ती बाहेर काढणार होती. अक्का वाचेल, आणि आपल्याला चौसष्टाव्या वर्षी आईच्या हातचं खायला मिळेल. दुसऱ्या गोष्टीचा आनंद पहिलीच्या जवळपास पोचतोय, याची तिला लाज वाटली.

त्याच दुपारी कोरियाच्या बेकबाबांचा वाढदिवस होता. बेकबाबा जन्मभर जहाजांवर खलाशी होते. त्यांच्याकडे वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप प्यायची रीत आहे, कारण बाळंतिणीला तेच देतात. आपल्या जन्मासाठी आई हे प्यायली, याची ती आठवण. उज्ज्वलाने वाडगा त्यांच्यासमोर ठेवला आणि गमतीने विचारलं, आज तरी वाळू लागतेय का?

बेकबाबांना काही कळेना.

“कसली वाळू?” ते म्हणाले. “माझी आई शेवाळ सात पाण्यांतून धुवायची.”

उज्ज्वलाने घाईने वही आणली. सहा आठवड्यांपूर्वीची नोंद तिच्याच अक्षरात होती. आई पहाटे बंदरावर कामाला जायची, शेवाळ धुवायला तिला वेळ नसे. घासाला एकदा तरी दाताखाली कचकन वाळू यायची. आई म्हणायची, ते समुद्राचं मीठ आहे, गीळ. हे सांगताना बेकबाबा इतके हसले होते की पट्टी दोनदा नीट करावी लागली होती.

तिने ते वाचून दाखवलं. बेकबाबांनी सभ्यपणे मान हलवली. दुसऱ्या कोणाच्या तरी आईबद्दल ऐकावं तसं त्यांनी ते ऐकलं.

वही घेऊन ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. शर्वाणीने नोंद वाचली, मग आणखी चार-पाच पानं चाळली. तिला धक्का बसलेला दिसला नाही, आणि त्यानेच उज्ज्वला घाबरली.

“मला शंका होती, ताई,” शर्वाणी म्हणाली. “कपाटातली साडी काढली की पुन्हा घडी घालावी लागते ना? आठवणीचं तसंच आहे. आठवलं की मेंदू ती पुन्हा नव्याने लिहितो. त्याच वेळी समोर यंत्राचं सूप असेल, तर तेच लिहिलं जातं.”

“आणि वाळू?”

“वाळू, करपणं, जास्त पडलेलं मीठ. यंत्राला ही सगळी खरखर वाटते. रेडिओतली काढतात तशी ते काढून टाकतं.”

उज्ज्वलाने वही मिटली. शर्वाणीने मग आवाज खाली आणून विचारलं की बेकबाबा आले तेव्हा त्यांना उठून बसता येत नव्हतं, आता ते बागेत तीन फेऱ्या मारतात. वाळूच्या कणापायी हे नको होतं का? हा प्रश्न लबाडीचा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. उज्ज्वलाने एवढंच मागितलं की अक्काला पट्टी बांधू नये, रविवारपर्यंत अक्का आपल्या ताब्यात द्यावी.

“आणि रविवारी?”

“रविवारी तुम्ही म्हणाल ते.”

पाककृती कुणाकडेच नव्हती. गुरुवारी तिने गावोगावी करतात तसंच केलं. हुलगे भाजले, भरडले, पाण्यात पीठ कालवून शिजवलं, मीठ आणि गुळाचा खडा टाकला. चाखलं मात्र नाही. नैवेद्याचा स्वयंपाक देवाआधी चाखत नाहीत, हे होतंच. शिवाय आपली जीभ मध्ये आली की आपण आपल्या आवडीकडे वळणार, हे तिला एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

अक्काने अर्धा चमचा घेतला आणि तोंड फिरवलं. “गरम पानी हाय,” म्हणाली.

शुक्रवारी उज्ज्वलाने विजेची शेगडीच अक्काच्या खाटेशी नेली. हुलगे तिच्या डोळ्यांसमोर भाजले, लसणाची फोडणी तिच्या नाकासमोर दिली. ठसका लागून परिचारिका खिडकी उघडायला धावली. अक्काने नाकपुड्या हलवल्या.

“उजे, लसूण ठेचून घातलास व्हय?”

“मग कसा घालू?”

“चिरून. आन् ह्ये हुलगं कच्चं हायेत. एवढ्या वर्सांत ह्येच शिकलीस?” अक्काने आणखी एक चमचा घेतला, खातरजमा करायला. मग तिसरा, गुळाबद्दल बोलायचं म्हणून. चौथ्या चमच्याला भरड जाड आहे असा निकाल दिला. पाचव्यानंतर थकून झोपली.

उज्ज्वला वाटीकडे बघत बसली. पाच चमचे. नावं ठेवण्यासाठी म्हणून अक्का जेवली होती. लग्नाच्या पंगतीत बुंदीला नावं ठेवत चौथ्यांदा वाढून घेणारे म्हातारे तिने पाहिले होते. हे त्याच जातीचं होतं. आणि तिच्या लक्षात आलं की प्रत्येक ‘असं न्हवं’ म्हणताना अक्काला आईचं कसं होतं ते उजळून बघावं लागत होतं.

शनिवारी लसूण चिरला, हुलगे खमंग भाजले, भरड चाळली. अक्काने सात-आठ चमचे घेतले आणि कपाळाला आठी घातली. काहीतरी राहिलंय म्हणाली. आणखी एक चमचा तोंडात घोळवला.

“ह्ये लागलेलं न्हाई,” ती शेवटी म्हणाली. “आईचं बुडाला लागायचं. जरासं. दर टायमाला.”

“आईचं माडगं करपायचं? मग गावभर एवढं कौतुक कसलं?”

“तुझ्यापायी करपायचं,” अक्का म्हणाली. “चुलीवर माडगं चढवलं की तू रडायला लागायचीस. मग आई तुला कडंवर घेऊन घरामागं परड्यात कावळं दाखवायला जायची. तू गप व्हईस्तवर बुडाला लागायचं. मी किती येळा म्हनलं, मी ढवळते. तर म्हनायची, असूदे, उजीच्या रडन्याबिगर त्याला चव न्हाई.”

उज्ज्वलाने तोंडाला पदर लावला. चौसष्ट वर्षं ती समजत होती की आपण आईच्या माडग्यात कुठेच नाही.

रविवारी तिने पातेलं शेगडीवर ठेवलं आणि बाहेर बागेत जाऊन उभी राहिली. किती वेळ, ते कळायला रडणारं मूल नव्हतं. कावळे मात्र होते. परत आली तेव्हा करपल्याचा वास वऱ्हांड्यापर्यंत आला होता. अक्काने “लई लागलं” म्हणून शिव्या घातल्या आणि वाटी संपवली. दारात उभ्या असलेल्या शर्वाणीने नळीचा कागद घडी करून खिशात घातला.

पुढच्या आठवड्यापासून तिने सुगरणीला आठवड्यातून दोनच दिवस कामावर ठेवलं. बाकीचे दिवस उज्ज्वलाच्या वहीवरून सूप हातानेच व्हायचं आणि मुद्दाम रोज थोडं चुकायचं. ओक्सानाबाई बीट किसण्यावरून भांडू लागल्या. मास्तर म्हणाले की साराला फोडणी तुपाची असते, हे बालवाडीत शिकवायला हवं. बेकबाबांसाठी उज्ज्वलाने वीस मिनिटं उकळून जंतू मारलेली चिमूटभर वाळू शेवाळात टाकली. शर्वाणीने ती परवानगी हसू दाबत दिली. दाताखाली कचकन आलं तसे बेकबाबा थांबले. त्यांनी तक्रार केली. पण तो कण त्यांनी बशीच्या काठावर नीट ठेवून दिला आणि जाताना कागदात बांधून नेला. त्यांना काय आठवलं हे त्यांनी सांगितलं नाही.

अक्काचं नावं ठेवणं बावीस दिवस चाललं. वजन एकोणचाळीस झालं. तेविसाव्या दिवशी तिने एक घोट घेतला आणि काहीच बोलली नाही. दुसरा घेतला. उज्ज्वला उभीच होती.

“ह्येच,” अक्का म्हणाली.

“मीठ?”

“बरोबर हाय.”

“बुडाला?”

“ह्येच हाय म्हनते ना. घे की आता, निवंल.”

दुसरी वाटी उज्ज्वलाने इतके दिवस स्वतःसाठी रोज भरून ठेवली होती आणि रोज तशीच परत नेली होती. आज तिने ती हातात घेतली. अक्का खरंच आईच्या चुलीपाशी पोचली होती, की बावीस दिवस उज्ज्वलाचं खाऊन त्याच माडग्याला आईचं म्हणू लागली होती? हे विचारायला अक्काशिवाय दुसरं कोणी उरलं नव्हतं. वहीत तपासायला पहिल्या दिवशीची नोंदही नव्हती. पट्टी तिने स्वतःच बांधू दिली नव्हती.

तिने चमचा तोंडात घातला. भाजका, किंचित गोड, शेवटी जिभेच्या मागे जरासा कडू. आणि ती दचकली, कारण चव ओळखीची होती.

बावीस दिवस हा वास तिच्या पदराला, केसांना चिकटलेला होता. तो तरी ओळखीचा वाटणारच. पण कडेवरच्या, नुकतंच रडून गप्प झालेल्या मुलीच्या तोंडात माडग्याचं बोट घातल्याशिवाय परड्यातून घरात आलेली कुठली आई राहील?