तनुजाताई बोलतेय

आवाज पुन्हा द्या म्हणताय? बसा, आधी चहा घ्या. संस्था नवी, मशीन नवं, तुम्हीही इथं नवीनच दिसता. तेव्हा नाही म्हणण्याआधी एका गुरुवारची गोष्ट सांगते. मध्ये बोलू नका, मला राग येतो.

मी इथली आशा सेविका. चाकणच्या आसपास पत्र्याच्या खोल्यांच्या ज्या लाइनी दिसतात ना, तिथल्या गरोदर बायका माझ्याकडे. लातूर, नांदेड, परभणीकडच्या पोरी. नवरा कंपनीत, सासू गावाकडं, शेजारीण कालच राहायला आलेली. मनातलं विचारायचं कुणाला? म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं टूम काढली. दर आठवड्याला या बायकांना फोन जाणार आणि एक ओळखीचा आवाज त्यांना चार गोष्टी सांगणार. रक्तवाढीच्या गोळ्या घे, डाव्या कुशीवर झोप, अंगावर सूज आली तर दवाखाना गाठ. आवाज माझा घेतला. आकुर्डीत एक खोली होती, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, तिथं बसून मी बोलले. "नमस्कार बाळा, मी तनुजाताई बोलतेय." लाज कशाला, मला तेव्हा भारी मिरवल्यासारखं वाटलं होतं.

बायकांनी तो आवाज डोक्यावर घेतला. काहीजणी तर त्याच्याशी गप्पा मारायच्या. "अगं बयांनो, ते रेकॉर्ड आहे, त्याला कान नाहीत," म्हणून मी हसायचे. त्याच सुमाराला ताकदीच्या पावडरी विकणाऱ्या दोघी माझं नाव सांगत दारोदार फिरत होत्या. म्हणून अंगणवाडीतल्या बैठकीत मी सगळ्यांना दम भरला, "दारात येऊन कुणी तनुजाताईचं नाव घेतलं तरी भुलू नका. फोनवर मी सांगते तेवढंच खरं." आमच्या कामात असं बजावूनच सांगावं लागतं.

दिव्या त्या बैठकीत पुढ्यातच बसली होती. लातूरकडची, पहिलटकरीण, आठवा महिना सरलेला. उगाच हसायची खोड होती तिला. बुधवारी नर्सबाईंनी तिचं बीपी बघितलं, भलतंच वाढलेलं. पाय सुजलेले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे. मी तोंडावर सांगितलं, "आजच्या आज मोठ्या दवाखान्यात चल. झटके आले तर तूही जाशील आणि बाळही." ती म्हणाली, "ह्यांना घरी येऊ द्या ताई, मग जाते की." मी दवाखान्यात कळवून ठेवलं.

गुरुवारी सकाळी विचारलं तर ती आलीच नव्हती. तिला फोन लावावा तर सारखा बिझी. नवरा निरंजन मेंटेनन्सला. कंपनीला सुट्टी असते तेव्हाच यांना काम, आणि फोन गेटवर जमा. मग काय, स्कूटी काढली आणि निघाले.

आमचा गुरुवार तुम्ही बघितलेला नाही. इतर दिवशी कंपन्यांतल्या पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपचा धप्प-धप्प आवाज जमिनीतून पायात येतो, झोपेतसुद्धा येतो. गुरुवारी कंपन्या बंद, लाइट बंद, आणि तो आवाज थांबला की कानांना काहीतरी चुकल्यासारखं होतं. भर दुपार होती. लाइनीत चिटपाखरू नाही. तापलेल्या पत्र्याचा वास, त्यात जळक्या ऑइलचा वास. माझ्या चपलांचा आवाज मलाच नकोसा झाला.

दिव्याच्या दाराशी पोचले, आणि आतून माझा आवाज आला.

"...डाव्या कुशीवर झोप हं बाळा..."

मी म्हटलं, चला, स्पीकर लावून ऐकत बसलीय म्हणजे शुद्धीवर आहे. कडी वाजवणार, तेवढ्यात आवाज पुढे म्हणाला, "डोकं दुखतंय ना? दुखू दे. डोळे मीट. दवाखान्यात जायचं नाही. मी आहे ना."

असलं काही मी बोलले नव्हते हो. त्या गाद्यांच्या खोलीत तर नाहीच. "मी आहे ना" हे मी म्हणते ते कळा देणाऱ्या बाईचा हात हातात घेऊन. तेही तिच्या कानाशी, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं.

मी दार बडवलं. "दिव्या! मी तनुजाताई. उघड."

मग दिव्याचा बारीक आवाज. "ताई... बाहेर तुमच्यावानी कुणीतरी बोलालंय..."

"माहीत आहे मला," माझा आवाज म्हणाला. अगदी मायेनं. "उघडू नकोस. दमेल आणि जाईल ती."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. माझा आवाज, माझी माया, आणि ती माझ्याच पोरीला मारायला वापरायची? मी ओरडले, "दिव्या, तो फोन बंद कर! काल तुझे पाय मी हातात धरून बघितले की नाही?"

"डावा जास्त सुजलाय," आतून माझा आवाज म्हणाला, "आणि अंगठ्याला चिंधी बांधलीय. होय ना बाळा?"

"होय ताई," दिव्या म्हणाली.

चिंधी होती. मीच बघितली होती.

माझ्या आरडाओरड्यानं खोल्यांची मालकीण रुक्मिणीबाई धावत आली. गावातली जुनी बाई. मी लग्न होऊन आले तेव्हा औक्षण तिनं केलेलं. तिनं आतला आवाज ऐकला, मग माझ्याकडे बघितलं, आणि हळूच दोन पावलं मागं सरकली.

"तू हितं उभी हायस... मंग आत कोण हाय?"

"फोन आहे तो, आजी. पहार आणा. पोरगी मरेल."

"तू गप ऱ्हा. मला तिचं ऐकू दे."

इतक्या वर्षांची ओळख, आणि म्हातारी माझ्या तोंडाकडे बघेना. मी तिचे पाय धरले तर तिनं पाय ओढून घेतले. तेवढ्यात आत भांडी कोसळली. घशातून घरघर... टाचा फरशीवर आपटल्याचा आवाज... आणि त्याच्यावर माझा आवाज, शांत. "झोप. झोप बाळा. मी आहे ना."

तेव्हा कुठं म्हातारी पहार आणायला पळाली.

दार मी फोडलं. दिव्या आखडली होती, तोंडाला फेस. एकशेआठची गाडी आली. दिव्या वाचली. बाळ गेलं. मुलगी होती. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणली असती तर दोघी घरी गेल्या असत्या.

ती शुद्धीवर आल्याचं कळलं तसा मी शिरा करून नेला. वॉर्डात ऊन आलं होतं, बायकांची ये-जा चालू होती. दिव्या भिंतीकडे तोंड करून, फोन कानाला लावून बोलत होती. फार हळू, लेकराची समजूत घालावी तसं.

"रडू नका हो ताई. तुमची काय चूक? तुम्ही म्हणलाव तसंच करालते मी. तिनं दार फोडलं, म्हणून झालं सगळं..."

मी जवळ गेले. फोनमधून हुंदके येत होते. माझे. माझी आई गेली तेव्हा मी रडले होते तसे, मधूनच श्वास अडकणारे. ते कुठल्या मशीननं घेतले होते, सांगा मला.

"दिव्या," मी म्हटलं.

तिनं वळून बघितलं आणि फोन चादरीखाली लपवला. डोळ्यांत ओळख अशी नव्हतीच.

"हळू बोला, बाई," ती म्हणाली. "आमच्या ताईला त्रास होतो."

मी डबा तिथंच ठेवून घरी आले. दार लावून त्या बाळासाठी रडायला बसले. डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून आवाज निघेना. अजूनही निघत नाही. बोलता येतं, रागावता येतं. रडायला बसले की नुसतं तोंड उघडं राहतं.