कारणाचा रकाना

गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीचं एक कार्ड बनायचं. वर मालकाचं नाव, खाली तक्रार, मग 'कारण', मग 'उपाय'. कारणाचा रकाना भरल्याशिवाय उपायाच्या रकान्यात अक्षर लिहायचं नाही, हा वहिनींच्या नवऱ्याने घालून दिलेला नियम. नवरा गेला, नियम राहिला. त्याच्यामागे एकोणीस वर्षं वहिनींनी गाड्या दुरुस्त केल्या आणि तो रकाना एकदाही कोरा सोडला नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत.

वहिनी म्हणजे साऱ्या रस्त्याच्या वहिनी. ते नाव पडलं धाकट्या दिरामुळे, आणि गॅरेजचे निम्मे मालकही तेच. हल्ली भावजींच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. प्रमाणपत्रवाला मेकॅनिक नेमायचा, तपासणीचं यंत्र आणायचं आणि वहिनींनी पुढे काउंटरवर बसून फोन घ्यायचे.

"वय झालं आता, वहिनी. किती दिवस गाड्यांखाली लोळणार?"

"तुमच्यापेक्षा लवकर उठते अजून खालून."

शेवटी दुरुस्तीला आलेल्या एका राखाडी गाडीवर पैज ठरली. तीस-बत्तीस वर्षांची जुनी गाडी, इंजिन तापायचं. दोन गॅरेजनी आधीच हात टेकले होते. एकाने थर्मोस्टॅट बदलला होता, दुसऱ्याने रेडिएटर. कारण दोघांनीही शोधलं नव्हतं. वहिनींनी शनिवारपर्यंत शोधलं तर पाना त्यांच्या हातात, नाहीतर फोन.

गाडीचे मालक निवृत्त ग्रंथपाल. दोन महिन्यांपूर्वी कुणाकडून तरी त्यांनी ती घेतली होती.

"चढ लागला की काटा लाल पट्ट्यात," ते म्हणाले. घरात कुणी आजारी असल्यासारखा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "बघावं तर पाणी कमी झालेलं. रोज भरतो."

"गळतं कुठे?"

"तेच तर. गळत नाही हो कुठेच."

"गळत नाही असं पाणी मी अजून पाहिलं नाही," वहिनी म्हणाल्या आणि बाह्या वर सारल्या.

सोमवारी त्यांनी पंखा, पट्टा, पाण्याचा पंप पाहिला. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात उकळला. तो वेळेवर उघडला, वेळेवर मिटला. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीवर, म्हणजे होजवर, आणि खालच्या होजवर तळहात ठेवला. वरचा जसा हवा तसा गरम, खालचा जसा हवा तसा कोमट. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब दिला, तर पंपाचा काटा दोन तास जागचा हलला नाही. ऑइल स्वच्छ होतं. धुरात वाफ नव्हती. डॅशबोर्डखालचा गालिचा त्यांनी गाल लावून पाहिला, कोरडा ठणठणीत.

पाणी गळ्यापर्यंत भरून त्यांनी झाकण घट्ट केलं आणि खाली वर्तमानपत्रं अंथरली. पातळी मोजायला त्यांच्याकडे विणायची एक लांब सुई होती, तिला बोटाबोटावर दोऱ्याच्या गाठी मारलेल्या. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही पट्टीपेक्षा ती खरं बोलते, असं त्या सांगत.

मंगळवारी सकाळी सुई तीन गाठी कोरडी निघाली. गाडी चालवलेली नव्हती. वर्तमानपत्रांवर थेंब नव्हता.

"उडून गेलं असेल," भावजी म्हणाले.

"झाकण बंद आहे, भावजी. पाण्याला काय किल्ली दिलीये?"

"मग लिहा ना कारण."

वहिनींनी कार्ड उचललं आणि पुन्हा ठेवलं.

बुधवारी भावजींनी त्या मेकॅनिकला फोन करून सोमवारपासून यायला सांगितलं. मुद्दाम वहिनींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

त्या दुपारी भावजी जेवायला घरी गेले. वहिनी स्टुलावर बसून बॉनेटखाली नुसत्या बघत राहिल्या. रस्ता उन्हात निपचित पडला होता. इंजिन सकाळपासून थंड होतं. सहज म्हणून त्यांनी वरचा होज मुठीत धरला. रबर जुनं असलं की मुठीत कळतं.

होज आत ओढला गेला.

मग सैल झाला. पुन्हा ओढला गेला. इंजिन तापून निवताना होज असा चपटतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण तो एकदाच चपटतो. हा चार-पाच वेळा ओढला जायचा, मग जरा थांबायचा. मग पुन्हा चार-पाच वेळा.

मध्ये थांबायचा तो दम घ्यायला.

वहिनींनी मूठ सोडली नाही. सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात पाणी पाजताना त्यांच्या गळ्याखाली हात धरावा लागे. हाताला हेच लागायचं. दुसऱ्या हाताने त्यांनी चाचपत पाहिलं. तीच लय पुढे हीटरच्या बारक्या होजमध्ये होती, आणि तो होज पत्र्यातून गाडीच्या आत गेला होता.

त्या उठल्या आणि गाडीला वळसा घालून मागे गेल्या. चारही काचा बंद होत्या. मागची डावी काच आतून धुरकटली होती, बशीएवढी. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे.

त्या तशाच उभ्या राहिल्या. भीती वाटायला हवी होती, आणि ती आलीही. पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी छातीत भरून आलं. दोन गॅरेजना सापडलं नव्हतं ते आपल्या हाताला लागलं होतं.

हाताला लागलं तरी तपासायचं, हाही नवऱ्याचाच धडा. रेडिएटर गळ्यापर्यंत भरला. आपला पाण्याचा स्टीलचा पेला त्यांनी काठोकाठ भरून मागच्या सीटवर ठेवला, चारही दारं लावली, किल्ली कमरेला खोचली आणि जेवायला बसल्या. जेवून आल्या तेव्हा पेला रिकामा होता. सुई शेवटच्या गाठीपर्यंत ओली.

गुरुवारी पेला ठेवला नाही, सुई दोन गाठी कोरडी. मग पुन्हा ठेवला, गाठी जशाच्या तशा. शुक्रवारी सीटवर एक मोठी बाटली ठेवली, झाकण काढून. संध्याकाळी ती रिकामी होती आणि रेडिएटरमधलं पाणी केसभर हललं नव्हतं.

शनिवारी सकाळी ग्रंथपाल आले तेव्हा कार्ड तयार होतं. कारण : 'पाणी पुरत नव्हतं.' उपाय : 'मागच्या सीटवर रोज भरलेली मोठी बाटली ठेवणे. झाकण उघडं.'

ग्रंथपालांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"साधं पाणी चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल. फार गार नको."

भावजींनी कार्ड हिसकावून घेतलं. "हे कारण आहे? आणि हा उपाय? वहिनी, गिऱ्हाइकासमोर चेष्टा नको."

"चढावर नेऊन बघा ना. तुम्हीही चला."

"चला. काटा मी स्वतः बघणार."

शहराबाहेरचा चढ लांब आणि सरळ होता, भर उन्हातला. ग्रंथपाल गाडी चालवत होते, वहिनी त्यांच्या शेजारी, भावजी मागे. बाटली वहिनींनी निघण्यापूर्वीच भरून मागे ठेवली होती. पहिला मैलाचा दगड गेला, काटा मध्यावर. दुसरा गेला. पुढे एक ट्रक रांगत होता, त्याच्यामागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जावं लागलं. याहून वाईट परीक्षा वहिनींनीही घेतली नसती. काटा मध्यावर.

गाडी माथ्यावर पोहोचली. ग्रंथपालांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

वहिनींना वाटलं, आपण आज बोटभर उंच झालो. एकोणीस वर्षांत एकही कोरा रकाना नाही, आणि आता हाही नाही. सोमवारी येणाऱ्या मेकॅनिकला फोन उचलायला बसवू, अशी मजाही त्यांच्या मनात येऊन गेली.

"काय भावजी?" त्यांनी समोर बघतच मोठ्याने विचारलं. "करणार ना सही कार्डावर?"



त्या वळल्या. भावजी उजव्या दाराला अगदी चिकटून बसले होते. गुडघे जुळवलेले, हात मांडीवर आवळलेले. बाकी सगळी सीट मोकळी होती. रिकामी बाटली खाली घरंगळली होती.

"असे अंग चोरून काय बसलात? बसा की ऐसपैस."

भावजींनी डावीकडे पाहिलं नाही. त्यांचा डावा खांदा थोडा खाली दबला होता, आणि तो ते अजिबात हलू देत नव्हते.

"करतो सही," ते जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले. "जरा हळू बोला, वहिनी. आत्ताच डोळा लागलाय त्यांचा."