धाकटं पिंप

इटलीतल्या मोदेना शहराच्या चौकात त्या शनिवारी इतकं धुकं होतं की घंटाघराचं टोक सोडाच, समोरच्या माणसाचं नाकसुद्धा अंदाजानेच ओळखावं लागत होतं. निवेस आपली पिवळी छत्री उंच धरून उभी होती. पाऊस नव्हता, पण खाद्यफेरीला आलेल्या पाहुण्यांना त्या धुक्यात वाटाडी दिसावी कशी? आठ जण आले होते. नववा, कुणी होल्गर नावाचा जर्मन, अजून यायचा होता. तेवढ्यात धुक्यातून एक उंच, तांबूस दाढीचा तरुण थेट छत्रीखाली येऊन ठेपला आणि काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं.

“उशीर केलात,” निवेस इंग्रजीत म्हणाली. “चला, सगळे खोळंबलेत.”

त्या तरुणाला, रुजेरोला, खरं तर तांब्याच्या पातेल्यांचं दुकान कुठल्या गल्लीत आहे, एवढंच विचारायचं होतं. पण तिने जाता जाता एकदा वळून पाहिलं... आणि तो निमूट मागे चालू लागला. भूक लागली होती म्हणून गेलो, असं तो पुढे सांगत असे. त्यावर कुणाचाही विश्वास बसला नाही.

कमानींखालून फेरी निघाली. पहिल्या दुकानात गरम तळलेला न्योक्को मिळाला, पुरीसारखा टम्म फुगलेला, आणि वर हॅमची पातळ चकती ठेवली की ती तिथेच पाघळायला लागायची. बाकीचे पाहुणे काट्याने त्याच्याशी झटत होते. या होल्गरने मात्र तो हाताने उचलला, दोन घासांत संपवला आणि बोटं चाटली. बाजारात चीझवालीने तुकडा पुढे केला, तर त्याने आधी वास घेतला आणि मान डोलावली. जर्मन लोक बरेच सुधारले म्हणायचे, असं निवेसला वाटलं. तिला हेही वाटलं की हा माणूस चीझपेक्षा आपल्याकडेच जास्त बघतोय. तिने ओढणीसारखा गळ्याभोवतीचा रुमाल उगाचच नीट केला.

बिंग फुटलं ते मिरेल्लाच्या खानावळीत. कोंबडीच्या गरम सारात तरंगणाऱ्या, सारण भरलेल्या इवल्या इवल्या तोर्तेलिनी समोर आल्या. आठ जणांनी डोळे मिटून वा वा केलं. नवव्याने एक तोर्तेलिनी चमच्यात घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि अस्सल इटालियनमध्ये पुटपुटला, “पारी जरा जाड आहे.”

स्वयंपाकघरातला खडखडाट थांबला. मिरेल्ला लाटणं घेऊनच बाहेर आली.

“तुम्ही होल्गर नाही,” निवेस म्हणाली.

“नाही.”

“जर्मनही नाही.”

“नाही...”

“मिरेल्लाची पारी जाड म्हणणारा माणूस जगात एकाच गावचा असू शकतो.” तिने सुस्कारा सोडला. “बोलोन्या.”

चोरी पकडली गेल्यासारखी त्याने मान खाली घातली. पण मान खाली घालूनही तो हसत होता, आणि ते निवेसच्या नजरेतून सुटलं नाही.

मोदेना ते बोलोन्या म्हणजे आगगाडीने जेमतेम अर्धा तास; वैर मात्र सातशे वर्षांचं. कधीकाळी मोदेनाच्या शिपायांनी बोलोन्याच्या विहिरीवरची लाकडी बादली पळवून आणली, ती अजून परत केलेली नाही. तोर्तेलिनी मुळात कुणाची, हा विषय तर सोयरेधायरे जेवायला बसलेले असताना कुणी काढूच नये. आणि या रुजेरोच्या आईचं बोलोन्यात चक्क तोर्तेलिनीचं दुकान होतं. आई पारी लाटायची, हा सार करायचा. निवेसने त्याला बजावलं की फुकट खाल्लंय, तेव्हा पुढच्या शनिवारी स्वतःच्या नावाने यायचं, आणि तोंड उघडायचं ते फक्त घास घ्यायला.

तो आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही आला. मग मिरेल्लाच त्याला ‘जाड पारी’ म्हणून हाक मारायला लागली आणि वाढताना दोन तोर्तेलिनी जास्त घालायला लागली. निवेस रोज सकाळी उठल्यावर आज कोणता वार आहे ते आधी बघू लागली होती. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती.

“अजून किती शनिवार येणार आहेस?” एकदा तिने विचारलं.

“आमची बादली परत द्या, लगेच जातो.”

“बादली मिळणार नाही.”

“मग... जात नाही.”

फेरीचा शेवटचा मुक्काम म्हणजे निवेसचं स्वतःचं घर. तीन जिने चढून गेलं की कौलांखाली माळा लागायचा. तिथे थोरल्यापासून धाकट्यापर्यंत लाकडी पिंपं ओळीने मांडलेली होती आणि जिन्यातच आंबटगोड वास नाकात शिरायचा. द्राक्षांचा रस आटवून केलेला, मधासारखा दाट काळा शिरका, मोदेनाचं नावाजलेलं व्हिनेगर, त्यांत मुरत होता. जुन्या मोदेनी घरांत मुलगी जन्मली की बाप तिच्या नावाने पिंपांची अशी ओळ मांडतो. लग्न झालं की ती ओळ मुलीबरोबर तिच्या घरी जाते. निवेसचे वडील ओरेस्ते यांनीही ती पाळण्यात असताना हे केलं होतं, आणि प्रत्येक पिंपावर खडूने तिचं नाव लिहिलं होतं.

दर हिवाळ्यात धाकट्या पिंपातून अगदी थोडा शिरका काढायचा. त्याची तूट शेजारच्या जरा मोठ्यातून भरायची, त्याची त्याच्या पुढच्यातून, आणि थोरल्यात नवा रस ओतायचा. त्यामुळे सगळ्यात जुना, मुरलेला शिरका धाकट्यात असतो. “आमच्याकडे धाकट्याचं वय जास्त,” असं निवेस पाहुण्यांना सांगायची आणि चिनी मातीच्या चमच्यात एक थेंब द्यायची. कुणीतरी हटकून विचारायचंच, मग तुमचं लग्न? त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं: “पिंपं इथेच दिसतायत ना?” सगळे हसायचे. रुजेरो हसायचा नाही, कौलांकडे बघत बसायचा.

ओरेस्तेंनी त्याला पहिल्याच दिवशी ‘बोलोन्याकर’ असं नाव ठेवलं होतं. आणि एकदा, कुणी विचारलेलं नसताना, त्यांनी मोठ्याने ऐकवलं की ही पिंपं मोदेनाबाहेर जात नाहीत. बाहेर गेला की हा शिरका नुसता शिरका होतो, त्याला मोदेनाचं नाव लावता येत नाही. निवेसला ते ऐकून बरं वाटलं नाही. रुजेरोला त्याची आई होती, दुकान होतं. आणि हिला या माळ्यावरून हलता येणार नव्हतं. दोघंही त्याविषयी बोलली नाहीत. त्यातून हे वर्ष साधं नव्हतं. धाकट्या पिंपाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती आणि वसंतात त्यातला शिरका पारख्यांपुढे जायचा होता. ओरेस्तेंनी आयुष्यात दोनच गोष्टी इतक्या जपल्या होत्या, लेक आणि लेकीची पिंपं.

जानेवारीत ओरेस्ते बर्फावरून घसरले आणि त्यांचा हात प्लास्टरमध्ये गेला. पिंपं भरायचे दिवस तर आलेले. शनिवारी फेरी संपली की तिघांनी मिळून काम करायचं ठरलं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! रुजेरो इस्त्रीचा शर्ट घालून सकाळच्या गाडीनेच आला. ओरेस्ते आरामखुर्चीत पेंगत होते. हा पाय न वाजवता वर गेला.

दुपारी पाहुण्यांना खालूनच निरोप देऊन निवेस जिना चढू लागली, तर वास नेहमीपेक्षा दाट येत होता. माळ्यावर रुजेरो उभा होता. बाह्या काळ्या झालेल्या, चेहरा उजळलेला.

“झालं,” तो म्हणाला. “सगळं करून ठेवलंय. तू फक्त बस.”

निवेसने धाकट्या पिंपाच्या तोंडावरचं फडकं उचललं. तळाशी बोटभर शिरका उरला होता.

“यातलं... कुठे गेलं?”

“शेजारच्यात. त्यातलं त्याच्या पुढच्यात. असं करत करत थोरल्यात.” तो अजून हसत होता. “आम्ही नाही का, कालचं सार आजच्या पातेल्यात ओततो? जुन्याने नव्याला चव येते.”

निवेस खाली पायरीवर बसली.  तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून रुजेरोचं हसू मावळलं. त्याने पिंपांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि आपण काय केलं ते त्याला कळलं.

“परत... वेगळं काढता येईल?”

“दुधात पडलेलं पाणी वेगळं काढता येतं?” तिने डोळे पुसले. “दर शनिवारी मी हेच समजावते, रुजेरो. याच जागी उभी राहून. तू ऐकतोस तरी काय?”



“ऐकत नाही,” तो म्हणाला.

“मग?”

“बघतो. ‘धाकटं’ म्हणताना तुझी उजवी भुवई वर जाते. मग चमचा पुसतेस... थेंब पडेपर्यंत श्वास धरून ठेवतेस. ते सगळं मला पाठ आहे. शब्द एकही नाही.”

निवेसने रागावायचं ठरवलं होतं, आणि तिला रागावता येईना. या माळ्यावर इतके लोक आले. सगळ्यांनी शिरक्याची गोष्ट ऐकली, शिरका चाखला आणि गेले. तिच्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. आपलं या वेड्यावर प्रेम आहे, हे तिला कधीचंच माहीत होतं. आज इतकं नुकसान होऊनही ते तसूभर कमी झालं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

रुजेरोने कोट उचलला. “सिन्योर ओरेस्तेंना सांगतो आणि जातो.”

“कुठे जातोस? हे पिंप पुन्हा तसं व्हायला पंचवीस हिवाळे लागतील. मी एकटी भरणार नाही. ज्याने केलं, त्याने यायचं.”

“दर हिवाळ्यात?”

“दर हिवाळ्यात. आणि मधले उन्हाळेही मोकळे नाहीत.”

त्याने कोट हळूच खाली ठेवला. “निवेस... मी आज हेच विचारायला आलो होतो.”

“मग विचार की. का तेही मीच करू?”

“माझ्याशी लग्न करशील? मी इथे राहायला येतो. सकाळच्या गाडीने दुकानात जाईन. आईला सांगून झालंय. ती दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, निदान त्यांना पारी तरी शिकव.” तो थांबला. “पिंपं मोदेनाबाहेर जात नाहीत, एवढं एक वाक्य मी ऐकलं होतं.”

तिने होकारार्थी मान हलवली. मग तिने त्याचा काळा झालेला हात आपल्या गालाला लावला.

ओरेस्ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. किती वेळ उभे होते, कुणास ठाऊक. ते पुढे आले, प्लास्टरचा हात सावरत वाकले आणि धाकट्या पिंपाच्या तळाचा थेंब चमच्यात घेऊन त्यांनी जिभेवर ठेवला. डोळे मिटले. 

“काय सुरेख झाला होता,” ते म्हणाले. मग चमचा खाली ठेवत, “पंचवीस वर्षांनी मी चाखायला असेन-नसेन.”

“बाबा...” निवेस म्हणाली.

त्यांनी तिच्या ओल्या गालावरचा काळा डाग पाहिला. खिशात चाचपून खडू काढला आणि तो रुजेरोपुढे धरला.

“तिच्या नावाखाली लिही. जरा लहान अक्षरात, बोलोन्याकर. आणि ऐकून ठेव, निदान हे तरी ऐक. बादली मिळणार नाही.”

रुजेरोने खडू घेतला. निवेसने त्याचा हात मनगटाशी धरला, आणि दोघं मिळून धाकट्या पिंपापुढे खाली बसली.