काट्यावर कोण उभं होतं

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत खरोखर घडलं आहे. सांगताना ती आजही आवाज खाली आणते.

थंडीतली संध्याकाळ होती. जागा म्हणजे मोठ्या रस्त्याला लागून असलेला एक लहानसा दवाखाना.

पण आधी थोडं मागचं सांगायला हवं.

मावशी त्या दवाखान्यात नर्स. तोंडाने फटकळ, हाताने हलकी. तिने इंजेक्शन कधी दिलं ते कळायचं नाही, तिचं बोलणं मात्र दोन दिवस टोचायचं.

त्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी नवा नियम काढला. पेशंट कशासाठीही येवो, त्याला विचारायचंच. दारू घेता का? किती? घेऊन गाडी चालवता का?

"अपघात झाल्यावर टाके घालण्यात कसलं आलंय शहाणपण," बाई म्हणायच्या. "आधी विचारू. जो खरं बोलेल, त्याच्याशी मी बसून बोलेन."

विचारायचं काम मावशीकडे. लोक उडवून लावायचे.

"अहो सिस्टर, कुरूप पायाला झालंय. त्याला कुठे दारू पाजू?"

"ब्रेकवर तोच पाय असतो ना? म्हणून विचारते," मावशी म्हणायची.

पेशंटचं स्टूल तिच्या टेबलासमोर होतं. त्याच्या पाठीमागे, कोपऱ्यात, जुना लोखंडी वजनकाटा. कोणी उभं राहिलं की त्याचा पत्रा खट्ट वाजायचा आणि तबकडीवरची सुई फिरायची.

एक दिवस एक टेम्पोवाला आला. पाठ दुखत होती त्याची.

"दारू? छे. थेंबसुद्धा नाही."

आणि त्याच्या मागे...

खट्ट.

सुई फिरली. फिरत फिरत नव्वदच्या पुढे गेली आणि थांबली.

काट्यावर कोणीच नव्हतं.

टेम्पोवाला उठून गेला तशी सुई शून्यावर आली. मावशीने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने काटा उघडून पाहिला आणि काहीही बिघडलेलं नाही असं सांगितलं.

चारच दिवसांनी त्या टेम्पोने समोरच्या इस्त्रीवाल्याला उडवलं. तो जागीच गेला.

इस्त्रीवाला अंगाने भारी माणूस. मधुमेह होता म्हणून दर महिन्याला वजन करायला यायचा. मावशीच करायची. त्याचा आकडा तिला पाठ होता.

सुई नेमकी तिथेच थांबली होती.

मावशीची पाचावर धारण बसली. सांगणार कोणाला? लोकांनी तिलाच डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं.

त्यानंतर पुन्हा झालं. मग पुन्हा. कोणी खोटं बोललं की मागे खट्ट. दर वेळी वजन वेगळं. मावशी मग हात धुऊन मागे लागायची. गोड बोलून, रागावून, कधी चक्क हात जोडून माणसाला बाईंच्या खोलीत पाठवायची. तो आत जाऊन खरं बोलला की बाहेर सुई हळूच खाली यायची.

काट्यावर मेलेलं माणूस येत नव्हतं, हे तिला कळून चुकलं होतं.

येत होतं ते अजून जिवंत असलेलं.

आणि मग ती थंडीतली संध्याकाळ आली.

मामा आला. मावशीचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानेच तिला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. बोट कापलं होतं त्याचं. मावशीने जखम धुतली, पट्टी बांधली. हवापाण्याच्या गप्पा झाल्या.

तो प्रश्न तिने विचारला नाही. दादाला कसं विचारणार? वास तिला आला होता. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"चल, निघतो," मामा म्हणाला. "छोटीचा क्लास सुटला असेल. तिला घेऊन घरी सोडतो."

छोटी म्हणजे मावशीची लेक. दुसरीत होती.

मामाने टेबलावरची गाडीची किल्ली उचलली.

आणि मागे...

खट्ट.

अगदी हलका आवाज. सुई थोडीशीच फिरली. वीसच्या पुढे दोन रेघा गेली आणि थांबली.

मावशीच्या हातातली कात्री खाली पडली. आदल्याच दिवशी, तापाच्या औषधाचं माप ठरवायला, तिने छोटीला याच काट्यावर उभं केलं होतं.

"दादा, बस खाली."

"उशीर होतोय गं."

"किती घेतली आहेस?"

मामा हसला. "मला पेशंट समजतेस होय?"

"आज समजते. किती?"

"काहीतरीच तुझं. मी कुठे..."

सुई तसूभरही हलली नाही.

"मागे बघ. छोटीचं वजन आहे ते," मावशी म्हणाली. तिला रडू फुटलं होतं.

मामाने वळून पाहिलं. रिकामा काटा. वीसच्या पुढे थांबलेली सुई. त्याचा चेहरा पांढरा पडत गेला.

"दुपारपासून," तो हळूच म्हणाला. "रोजच घेतो. तिला घ्यायला जाताना पण."

त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

पत्रा पुन्हा एकदा वाजला. कोणीतरी हलकेच उतरल्यासारखा. सुई शून्यावर आली.

त्या संध्याकाळी मावशी पायी जाऊन छोटीला घेऊन आली. सगळ्या वाटेत तिने तिचा हात सोडला नाही. मामा अजून बाईंकडे उपचाराला येतो. गाडी त्याने विकून टाकली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात एक तरुण आला होता. हातात हेल्मेट. हसत म्हणाला, "नाही हो ताई, मी घेत नाही." मागे सुई फिरून थांबली. मावशीने विनवलं, बाई स्वतः बाहेर आल्या. तो हसतच निघून गेला. कुठला, कोण, कोणालाच माहीत नाही.

सुई कुठे थांबली, ते मावशी सांगत नाही.

परवा मला ताप आला म्हणून मी दवाखान्यात गेलो. सवयीने चपला काढून काट्याकडे वळलो. मावशीने माझा दंड घट्ट धरला.

"तू नको चढूस."

"का गं?"

तिने मला तिथून बाजूला ओढलं. गोळ्या दिल्या. दारापर्यंत सोडायला आली, एरवी ती कधीच येत नाही.

"रस्त्याच्या कडेने जा," एवढंच म्हणाली.