दोन ठोक्यांत मिटणारी बंदूक

टक्... आणि मागोमाग टिक्.

हा आवाज वेइकोने दहा वर्षांचा असताना ऐकला होता. वडिलांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात शेजारच्या अर्वोने दुरुस्त झालेली आपली एकनळी बंदूक मिटून पाहिली, तर खटका एका दमात बसेना.

"लंगडतेय की हो!" अर्वो हसला.

"बदकांना काय कळतंय," वडील म्हणाले.

त्याच आठवड्यात, पन्नास सालच्या नोव्हेंबरात, अर्वो ती बंदूक घेऊन बदकं मारायला पाणथळीकडे गेला तो परतलाच नाही. पोरगा शहरात पळाला, असं गावाने ठरवून टाकलं. शेवटी त्याच्या आईनेही तेच मानलं. माझ्या थडग्याच्या दगडावर त्याचं नाव नको, असं सांगून ती वारली.

आता साठ वर्षांनी पाणथळीवरचा, बीव्हर प्राण्यांनी घातलेला बांध फुटला, पाणी ओसरलं आणि चिखलातून एक बंदूक वर आली. ही अर्वोचीच का, हे विचारायला त्याची बहीण हिल्मा ती पोत्यात गुंडाळून भर दुपारी, वडिलांचंच काम चालवणाऱ्या वेइकोच्या दारात उभी राहिली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं.

"आत काडतूस असेल तर कठड्यावर ठेव आधी," वेइको म्हणाला.

"अरे, चिखलाचा गोळा आहे नुसता! आई पण अशीच. काडतूस ओसरीच्या कठड्यावर उभं केल्याशिवाय अर्वोला उंबरा ओलांडू द्यायची नाही."

बंदुकीच्या बाजूवर गावच्या हार्डवेअर दुकानाचं नाव कसंबसं दिसत होतं.

"नाव तर आहे. मग अडलं कुठे?" हिल्माने विचारलं.

"दुकान कुठे बंदुका बनवायचं, हिल्मा? पूर्वेकडच्या कारखान्यातून आणायचे आणि वर आपलं नाव ठोकायचे. तीस वर्षं तेच नाव. खरं काय ते आत लपलेलं असतं."

नळी दुमडायचा सांधा गंजून एकजीव झाला होता. बंदूक ना उघडत होती, ना हलत होती. वेइकोने तेल सोडून नळीखालचं लाकूड तेवढं अलगद सुटं केलं. कुजक्या पाण्याचा वास खोलीभर पसरला.

"तुझं होईपर्यंत मीही गंजेन," हिल्मा म्हणाली.

"गंजलीयसच. कॉफी घे."

बराच वेळ घासल्यावर गोलातलं एक बारीक अक्षर वर आलं. वेइकोने भिंग धरलं.

"बी. म्हणजे मला वाटला तोच कारखाना. आणि त्यांच्याकडे बी म्हणजे साल पन्नास."

हिल्माने कप खाली ठेवला. "त्याचीच..."

हो म्हणणं किती सोपं होतं. पण वेइकोला खोटं जमेना.

"त्या साली दुकानाने अशा वीसेक विकल्या असतील गं. नक्की नाही सांगता यायचं."

"उद्या दगड कोरणारा येतोय. आईशेजारी नाव घालायचं की नाही... काय सांगू मी त्याला?"

वेइकोने पुन्हा भिंग उचललं. तेवढ्यात बाहेर ओसरीवर...

टक्... टिक्.

दोघांनीही टेबलाकडे पाहिलं. बंदूक तिथेच होती. लाकूड वेगळं, सांधा घट्ट.

"तू... ऐकलंस?"

"लंगडतेय," वेइको कुजबुजला. साठ वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडी आला नव्हता.

त्याने दार उघडलं. पायऱ्यांवर फक्त हिल्माच्या पावलांचे ठसे होते, तेही भुरभुरीने अर्धे बुजलेले. कठड्यावर बोटभर बर्फ साचलं होतं. त्यात एक लाल कागदी काडतूस उभं होतं, भिजून फुगलेलं. त्याच्यावर मात्र बर्फाचा कणही नव्हता. त्याच्या बुडातून पाणी ठिबकत होतं, आणि त्या थंडीतही ते गोठत नव्हतं.

हिल्माने ते उचललं आणि दोन्ही तळव्यांत धरलं. मग बंदूक तशीच टेबलावर सोडून ती पायऱ्या उतरली आणि आईच्या दगडाकडे, स्मशानभूमीच्या वाटेला लागली.